आवाज मागे पोचत नाही, वाढवला की शिट्टी मारतो: सोसायटीच्या मिक्सरवर काय तपासावं, कोणत्या क्रमानं

ठाण्यात वर्तकनगर ते मानपाडा या पट्ट्यातल्या सोसायट्यांमध्ये आणि खाडीपलीकडे ऐरोली-घणसोलीतल्या दोन-तीन भजनी मंडळांसाठी मी गेली बरीच वर्षं मिक्सरवर बसतो. नोकरी वेगळी आहे, हे हौसेचं काम. गणपतीच्या दिवसांत संध्याकाळी फोन वाजला की पलीकडून काय ऐकू येणार हे ठरलेलं असतं: “मागच्या खुर्च्यांना ऐकू येत नाही, वाढवलं की शिट्टी मारतं, आणि वर आवाज फाटतोय. मिक्सर गेला का हो?”

मिक्सर गेलेला सहसा नसतो. मी गेलो त्यातल्या फार थोड्या ठिकाणी खरोखर काही जळलेलं किंवा तुटलेलं निघालं. इतर ठिकाणी आवाज चॅनलच्या, म्हणजे एका माईकसाठीच्या उभ्या पट्टीच्या, वरच्या टोकालाच बिघडलेला होता आणि बसलेला माणूस तो खालच्या फेडरवर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणावर) सुधारू पाहत होता. म्हणून पुढचा क्रम लिहून ठेवतोय. आधी फुकटातल्या गोष्टी, मग केबल बदलायच्या, आणि शेवटी त्या गोष्टी जिथे आपण हात काढून घ्यायचा.

सामान साधारण असं धरलंय: आठ ते सोळा चॅनलचा, आत इको असलेला ॲनालॉग मिक्सर, दोन पॉवर्ड स्पीकर (ॲम्प्लिफायर आतच असलेले), तीन-चार साधे डायनॅमिक माईक, एक लॅपटॉप. क्लब हाऊसच्या कपाटात वर्षभर पडून असणारा हाच संच बहुतेकांकडे असतो.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते आधी ठरवा. सगळ्याला “आवाज खराब आहे” म्हटलं की शोध लागत नाही.

- आवाज बारीक. फेडर वरपर्यंत नेला तरी मागे पोचत नाही, आणि स्पीकरमधून “सूंऽऽ” असा वाऱ्यासारखा आवाज मात्र येतो.
- थोडा वाढवला की शिट्टी किंवा हुंकार. कुणी दोन पावलं सरकलं की शिट्टी बदलते.
- जोरात गायल्यावर शब्द फाटतात, हळू बोलताना ठीक असतात.
- फाटणं सतत आहे, अगदी हळू आवाजातही.
- फेडर पूर्ण खाली केला तरी त्या माईकचा इको ऐकू येतो.
- लॅपटॉपवरचं गाणं लावलं की वाद्यं वाजतात, गायक मात्र गायब किंवा विहिरीतून गातोय असा.
- एकसारखी जाड “हुंऽऽ”, कुणी बोलत असो वा नसो.
- एखादा चॅनल मधेच जातो, मिक्सरवर थाप मारली की परत येतो.

काहीही करण्याआधी मेन फेडर (सगळ्या चॅनलचा एकत्र आवाज ठरवणारा) खाली घ्या. केबल काढताना किंवा लावताना तर नक्कीच, आणि फँटम पॉवर चालू असेल तर ती बंद करून काही सेकंद थांबा. फँटम म्हणजे कंडेन्सर माईकसाठी मिक्सर त्याच केबलमधून पाठवतो ते ४८ व्होल्ट. ते चालू असताना पिन ओढली की स्पीकरमधून जो धडाका येतो, त्यात ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक आवाजांचा भाग, जाऊ शकतो. सुरू करताना आधी मिक्सर, शेवटी स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर.

माईक कुठे आहे आणि कुणाच्या हातात कसा आहे

यात एक रुपया लागत नाही, आणि माझे निम्मे फोन इथेच मिटतात.

तोंड आणि माईक यांतलं अंतर दुप्पट झालं की माईकला मिळणारा आवाज सुमारे ६ डेसिबलनं पडतो. म्हणजे ५ सेंटीमीटरवर बोलणारी व्यक्ती २० सेंटीमीटरवर गेली की १२ डेसिबल गेले. तेवढे तुम्ही मिक्सरवर भरून काढता, आणि त्यासोबत स्पीकरचा, पंख्याचा, पहिल्या रांगेतल्या मुलांचा आवाजही तेवढाच वाढवता. शिट्टी तिथेच जन्मते: स्पीकरमधला आवाज माईकमध्ये, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये, आणि प्रत्येक फेरीत थोडा मोठा. त्यामुळे सत्यनारायणाच्या पूजेला गुरुजींसमोर लांब स्टँडवर ठेवलेला माईक कधीच नीट वाजणार नाही. तो त्यांच्या हनुवटीखाली आणा, मग मिक्सरकडे बघा.

दुसरं, जाळी मुठीत धरणं. आपले नेहमीचे माईक समोरून जास्त आणि मागून कमी ऐकतात. हे मागून कमी ऐकणं जाळीच्या मागच्या फटींमुळे साधतं. मुठीनं त्या झाकल्या की माईक चहूबाजूंनी ऐकू लागतो आणि शिट्टी मारतो. शाळकरी मुलं हमखास असा माईक धरतात. त्यांना रागावू नका, दांडा कुठे धरायचा ते तालमीतच दाखवा.

तिसरं, स्पीकर माईकच्या मागे नकोत. क्लब हाऊसमध्ये स्टेज लहान असतं म्हणून लोक स्पीकर भिंतीला टेकवून ठेवतात आणि गाणारे त्यांच्या पुढे उभे राहतात. स्पीकर गाणाऱ्यांच्या रेषेपेक्षा पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून, आणि माणसांच्या डोक्याच्या वर राहतील इतक्या उंचीच्या स्टँडवर ठेवा. जमिनीवरच्या स्पीकरचा आवाज पहिल्या दोन रांगा पिऊन टाकतात, मागे उरतच नाही.

आणि उघडे माईक मोजा. एकसारखे माईक दुप्पट झाले की शिट्टीआधी मिळणारी वाढ सुमारे ३ डेसिबलनं कमी होते. चार माईक उघडे आणि बोलतोय एकच, तर तुम्ही ६ डेसिबल फुकट घालवलेत. निवेदिका बोलत असताना भजनाचे बाकीचे माईक म्यूट करायची सवय लावून घ्या. एवढ्या एका सवयीवर मी अख्खे कार्यक्रम निभावलेले पाहिले आहेत.

बटणं

कपाटातून निघालेल्या मिक्सरवर मागच्या माणसानं दाबलेलं काहीतरी राहिलेलं असतंच. प्रत्येक चॅनलवर वरून खाली बोट फिरवत जा. माईक/लाईनचं बटण लाईनवर असेल किंवा पॅड दाबलेलं असेल तर आवाज बारीकच येणार, कारण पॅड साधारण २० डेसिबल कापतो. म्यूट दिसतं, पण मेनकडे पाठवायचं बटण दिसत नाही: काही मिक्सरवर चॅनल मेनला जातो की सबग्रुपला (काही चॅनलच्या वेगळ्या गटाला), हे फेडरशेजारच्या छोट्या बटणांवर ठरतं. मीटर नाचतोय आणि स्पीकर गप्प, असं असेल तर आधी हे पाहा. पॅन मध्यावर आहे ना? एका कुशीला गेलेला पॅन म्हणजे हॉलच्या एकाच बाजूला आवाज.

गेन: इथे वेळ घालवा

आमच्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद असला की सगळ्या मजल्यांवर पाणी बारीक येतं, मग घरातला नळ कितीही सोडा. चॅनलच्या डोक्यावरचा गेन हा तो व्हॉल्व्ह आहे आणि फेडर हा घरातला नळ.

माईकमधून निघणारी वीज अगदी थोडी असते, व्होल्टच्या काही हजाराव्या भागाइतकी. मिक्सरच्या आतलं काम मात्र एक व्होल्टच्या आसपास चालतं. हे अंतर गेन भरून काढतो. ६० डेसिबल गेन म्हणजे हजारपट वाढ. ती वाढ इथे कमी पडली तर पुढे तिची भरपाई करायला फेडरकडे फार काही नसतं, शून्याच्या वर बहुतेक फेडर १० डेसिबलच देतात. मग माणूस चॅनल फेडर वर, मेन वर, स्पीकरचा नॉबही वर करतो, आणि मिक्सरचा स्वतःचा घरघरणारा आवाज तेवढा मोठा होतो. लक्षणांमधला तो “सूंऽऽ” हाच. उलट गेन जास्त झाला तर आवाज पहिल्याच पायरीवर कापला जातो, आणि एकदा कापलेला आवाज पुढे फेडर कितीही खाली आणला तरी फाटलेलाच राहतो, फक्त लहान आवाजात. जोरात गाताना फाटणं आणि लाल दिवा पेटणं एकत्र होत असेल तर दुसरीकडे शोधू नका.

लावायची रीत अशी. मेन खाली, त्या चॅनलचा फेडर खाली, गेन सगळ्यात कमी. त्या चॅनलचं पीएफएल बटण (फेडरच्या आधीचा आवाज ऐकवणारं) दाबा. आता मीटरवर फक्त हाच माईक दिसेल. गाणाऱ्याला गायला सांगा, आणि “हॅलो चेक, वन टू थ्री” नको. जे गाणं म्हणायचं आहे त्यातली सगळ्यात चढी ओळ, पूर्ण ताकदीनं. तालमीत लोक लाजून हळू गातात आणि कार्यक्रमात उत्साहानं दुप्पट जोरात. माझी सुरुवातीची कित्येक वर्षं यातच फसली. आरतीच्या कोरसला तर मी सगळ्यांना एकदा मोठ्यानं “गणपती बाप्पा मोरया” म्हणायला लावतो, ते चेकच्या कामी येतं. मग गेन हळूहळू वाढवा. मीटर साधारण शून्याच्या आसपास खेळला पाहिजे, चढ्या जागी थोडा वर गेला तर चालतो, लाल दिवा मात्र पेटता कामा नये. पीएफएल सोडा. चॅनल फेडर शून्याच्या खुणेवर आणा. असे सगळे माईक झाले की मग मेन सावकाश वर.

फेडर शून्यावर का? फेडरची पट्टी सारखी वाटलेली नसते. शून्याजवळ बोटभर हलवलं तर काही डेसिबलचा फरक पडतो, तळाशी तेवढंच हलवलं तर आवाज एकदम येतो किंवा नाहीसा होतो. शून्याजवळ काम केलं की बारीक फरक हाती राहतो.

आता एक गोष्ट जी मला उशिरा उमगली. शिट्टीला गेन आणि फेडर यांतला भेद कळत नाही, तिला फक्त एकूण वाढ कळते. गेन कमी करून फेडर वर नेला म्हणजे शिट्टी थांबेल असं नाही. तरी कार्यक्रम सुरू झाल्यावर गेनला हात लावू नका असं मी हट्टानं सांगतो, कारण गेनच्या मागून सगळं निघतं: मेन, गाणाऱ्यांसमोरचा मॉनिटर स्पीकर, इको, रेकॉर्डिंग. प्रेक्षकांसाठी म्हणून तुम्ही गेन वाढवता आणि मॉनिटर शिट्टी मारतो, इकोही घट्ट होतो. गच्चीवरचा व्हॉल्व्ह फिरवला की सगळ्या घरांवर परिणाम होतो, तसंच. प्रेक्षकांसाठी फेडर वापरा, मॉनिटरसाठी त्याचा ऑक्स नॉब (तिकडे आवाज पाठवणारा).

पीएफएलचा दुसरा उपयोग शोधासाठी आहे. पीएफएल दाबून हेडफोननं ऐका. इथे आवाज स्वच्छ आणि स्पीकरमध्ये फाटका, तर बिघाड फेडरच्या पुढे आहे: मेन, केबल, स्पीकर. हेडफोनमध्येच फाटका, तर फेडरच्या मागे: माईक, केबल, गेन, इक्यू (आवाजाचे जाड-बारीक भाग कमी-जास्त करणारे नॉब). सगळा शोध अर्ध्यावर येतो. दोनशे-चारशे रुपयांचा साधा हेडफोन मिक्सरच्या पिशवीत कायम ठेवा.

स्पीकरच्या पाठीमागे जा

सतत फाटणारा आवाज, मिक्सरचा मीटर मात्र शांत: असं असेल तर पॉवर्ड स्पीकरच्या पाठीवरचं माईक/लाईनचं बटण पाहा. मिक्सरमधून आधीच वाढवलेला आवाज जातो. स्पीकर माईकवर असेल तर तो पुन्हा वाढवतो आणि फाडतो. मिक्सर जोडला असेल तर लाईनच. स्पीकरच्या लेव्हल नॉबवर मधली खूण असते, ती जागा सुरुवातीला योग्य.

मिक्सरवर सगळं हिरवं आणि स्पीकरचा लिमिटचा दिवा मात्र सतत पेटलेला, तर स्पीकर त्या जागेला लहान पडतायत. मोकळ्या मांडवात ही वेळ येते, आणि कुठल्याही नॉबनं ती सुटत नाही. लोक सुचवतात की मधल्या रांगेत आणखी एक जोडी ठेवा. सूचना बरोबर आहे, पण आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. १५ मीटरवरच्या स्पीकरला पुढच्या आवाजासाठी ४४ मिलिसेकंद थांबवावं लागतं, नाहीतर मागच्या लोकांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. ते जमवणारं यंत्र आणि हात, दोन्ही भाड्यानं घ्या. आणि ताकद वाढवण्याआधी आठवा की निवासी भागात नियमानं दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मागच्या खुर्च्या पुढे ओढणं पुष्कळदा जास्त उपयोगी पडतं.

लो कट आणि इक्यू

बोलण्या-गाण्याच्या प्रत्येक माईकवर लो कट (अगदी खालचा भाग कापणारं बटण) दाबा. ८० ते १०० हर्ट्झखाली आवाजातलं कामाचं फारसं काही नसतं, असतो तो पंख्याचा वारा, स्टेजची धडधड आणि स्टँडला लागलेले पाय. ढोलकी-तबल्याच्या डग्ग्याला मात्र लो कट लावू नका. इक्यू मध्यावर ठेवून सुरुवात करा आणि शब्द कळत नसतील तर वरचा भाग वाढवण्याऐवजी खालचा थोडा कमी करून बघा. माईक ओठांजवळ आला की खालचा भाग आपोआप फुगतो, तो उतरवला की शब्द मोकळे होतात.

इको

सोसायटीच्या मिक्सरवर सगळ्यात जास्त फिरवला जाणारा नॉब हा. गाणाऱ्यांना तो हवा असतो आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. हौशी गळ्याला थोडा आधार मिळतो, आत्मविश्वास येतो. पण तो कसा वाहतो ते कळलं पाहिजे.

प्रत्येक चॅनलवरचा इफेक्टचा नॉब त्या माईकचा थोडा आवाज इको करणाऱ्या भागाकडे धाडतो. तयार झालेला इको स्वतंत्र फेडरवरून मेनमध्ये मिसळतो. म्हणजे पाठवणं वेगळं, परत आणणं वेगळं. परत आणणारा फेडर खाली असेल तर चॅनलवरचे नॉब कितीही फिरवा, काही होणार नाही. चार गायकांनी चारही नॉब पूर्ण फिरवले तर आतला भागच ओसंडतो, आणि फाटतं ते फक्त इकोच्या शेपटीत. मूळ आवाज स्वच्छ असतो. इफेक्टच्या भागाला स्वतःचा लाल दिवा असतो, तो पाहा. पाठवणारे नॉब कमी करा, परत आणणारा फेडर वाढवा.

इको बहुतेक वेळा फेडरच्या नंतरून घेतलेला असतो, म्हणून फेडर उतरवला की इकोही उतरतो. मॉनिटर फेडरच्या आधी घेतात, म्हणजे प्रेक्षकांसाठी केलेला फरक गाणाऱ्याला जाणवत नाही. फेडर खाली असूनही इको येत असेल तर एकतर तो ऑक्स फेडरच्या आधीवर लावलेला आहे, किंवा दुसऱ्या उघड्या माईकमधून आवाज जातोय. प्री/पोस्टचं (फेडरच्या आधी की नंतर ठरवणारं) बटण शोधा.

आता एक घातक प्रकार. एका भजनी मंडळात बाहेरचं इको मशीन होतं आणि त्याचा परतीचा आवाज त्यांनी रिकाम्या चॅनलमध्ये घेतला होता. त्या चॅनलचाही इफेक्ट नॉब अर्धा फिरलेला. इको पुन्हा इकोत जात होता, आणि पाच सेकंदांत हॉल भरून टाकणारा हुंकार. सगळे माईक म्यूट करूनही तो थांबत नव्हता, कारण त्यात माईक नव्हताच. परतीच्या चॅनलचा तोच नॉब नेहमी शून्यावर ठेवा.

भाषणात इको बंद. फरशी, काच आणि पीओपीच्या क्लब हाऊसमध्ये मुळातच आवाज घुमतो, त्यात आणखी घालायची गरज नाही. इफेक्टचं म्यूट बटण निवेदनाला दाबायचं, गाण्याला सोडायचं.

लॅपटॉपचं गाणं

गायक गायब होण्याचं कोडं मला पहिल्यांदा पडलं ते कोजागरीच्या रात्री, आणि मी तासभर लॅपटॉपची सेटिंग्ज उलटीपालटी करत बसलो होतो. दोष केबलचा होता. लॅपटॉपच्या ३.५ मिलिमीटर जॅकमधून डावा आणि उजवा असे दोन आवाज निघतात. ती केबल पलीकडे एकाच मोठ्या स्टिरिओ पिननं मिक्सरच्या एका बॅलन्स्ड इनपुटमध्ये गेली, तर मिक्सर त्यातला एक दुसऱ्यातून वजा करतो. बॅलन्स्ड इनपुटचं कामच ते आहे, वाटेत शिरलेला सारखा गोंगाट वजा करून टाकणं. गाण्यात गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तोच वजा होतो. एका बाजूला छोटी स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन वेगळ्या मोनो पिन असलेली केबल आणा, स्टिरिओ चॅनलच्या डाव्या-उजव्यात लावा. काम झालं.

लॅपटॉप जोडल्यावरच “हुंऽऽ” येत असेल तर चार्जर काढून बघा. गेली, तर चार्जरच्या वाटेनं येतेय. बॅटरीवर कार्यक्रम करा किंवा मधे डीआय बॉक्स (आवाज माईकच्या इनपुटजोगा करून देणारी छोटी डबी) लावा. मोबाईलवरून गाणी लावत असाल तर आधी फ्लाइट मोड, नाहीतर ऐन गाण्यात रिंगटोन वाजते. इलेक्ट्रॉनिक तानपुरा माईकच्या इनपुटला लावू नका, त्याचा आवाज आधीच मोठा असतो. लाईन इनपुटला लावा.

केबल आणि जॅक

इथून थोडा खर्च सुरू होतो. एकच नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला. बंद चॅनलचा माईक केबलसकट चालू चॅनलला लावा. चालला, तर दोष चॅनलचा. नाही चालला तर तोच माईक ठेवून केबल बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या की आवाज येतो, पण कारण कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तेच पुन्हा. मेलेली केबल गुंडाळून परत पिशवीत टाकू नका. मी तिच्या टोकाला लाल चिकटपट्टी लावतो. डाग द्यायला येत असेल तर लक्षात ठेवा, माईकच्या तीन पिनमध्ये १ नंबर शिल्ड, २ आणि ३ आवाजाच्या.

स्पीकर पॉवर्ड नसून वेगळा ॲम्प्लिफायर असेल तर ॲम्प ते स्पीकर माईकची केबल कधीच वापरू नका. पिन बसते म्हणून लोक लावतात. आतली तार बारीक असते, ती तापते आणि ॲम्पही धोक्यात येतो.

थाप मारल्यावर परत येणारा चॅनल हा आपल्याकडचा खास पावसाळी आजार आहे. खाडीची दमट हवा आणि बंद कपाट, त्यामुळे जॅकच्या आतल्या पत्त्यांवर थर चढतो. चॅनलमागे इन्सर्टचा जॅक (बाहेरचं यंत्र मधे जोडण्यासाठीचा) असेल तर आवाज त्याच्या आतल्या पत्तीतूनच पुढे जातो. रिकामा असला तरीही. मेन खाली करून त्यात एक साधी पिन आठ-दहा वेळा घाला-काढा. मी असे मेलेले म्हणून बाजूला काढलेले तीन-चार चॅनल उठवलेत. फेडर खरखरत असतील तर मिक्सर पूर्ण बंद करून फेडरसाठीच मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, दहा-वीस वेळा वरखाली करा, नीट वाळू द्या. घरातलं तेल नको, त्यावर धूळ बसून फेडर अडकतो. मिक्सर ठेवताना खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्यातून एकदा अर्धा तास चालू करा.

डिजिटल मिक्सर असेल तर हेच सगळं लागू, फक्त दोन फरक. लाल दिवा तिथे माफ करत नाही, म्हणून सरासरी उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवा. आणि कुणीतरी जुना सीन (साठवून ठेवलेली सगळी सेटिंग्ज) उघडला की तुमचे सगळे गेन बदलतात, तेव्हा आपला सीन वेगळ्या नावानं जपून ठेवा.

थांबायचं कुठे

एकसारखी “हुंऽऽ” लॅपटॉपशिवायही येत असेल तर मिक्सर आणि स्पीकर दोन्ही एकाच सॉकेटवरून, एकाच चांगल्या बोर्डवरून घ्या. हॉलच्या दोन टोकांच्या सॉकेटमध्ये अर्थिंगचा फरक असला की आवाजाच्या केबलमधून वीज फिरते आणि ५० हर्ट्झची हुं येते. माईकच्या केबली लाईटच्या वायरींपासून लांब, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. एवढं करून गेली नाही, तर इथे थांबा.

अर्थची पिन काढून टाका असं सांगणारा कुणीतरी मांडवात भेटतोच, आणि हुं खरंच जाते. तरीही करू नका. उद्या आत एखादी वायर सुटली तर २३० व्होल्ट मिक्सरच्या पत्र्यावर येतील, तिथून माईकच्या जाळीवर, आणि पावसानं ओल्या झालेल्या मांडवात तो माईक एखाद्या मुलाच्या हातात असेल. माईक ओठाला लागला की झिणझिण्या येतायत असं कुणी म्हणालं तर त्याच क्षणी मेन स्विच बंद, कार्यक्रम थांबवा, परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. लोक नाराज होतील, होऊ द्या. हॉलच्या त्या लाईनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाईन तोडणारा स्विच) आहे का, हेही त्याच्याकडून बघून घ्या.

मिक्सरमधून जळका वास, फ्यूज बदलल्यावर पुन्हा उडणं, कोणत्याही चॅनलवर काहीही न लावता मेनवर मोठा आवाज, पॉवर्ड स्पीकर मधूनच बंद पडणं, आत पाणी गेल्याची शंका: यातलं काहीही असेल तर स्क्रू उघडू नका. आतल्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ भरलेले राहतात. दुरुस्तीला द्या, आणि सोबत एक चिठ्ठी द्या. कोणता चॅनल, चालू केल्यावर किती वेळानं सुरू होतं, पीएफएलवर ऐकू येतं की नाही, कोणता माईक आणि कोणती केबल बदलून पाहिली, मिक्सर मागे कधी उघडला होता. दुरुस्ती करणाऱ्याचा यात अर्धा दिवस वाचतो, आणि गणपतीच्या आठवड्यात तो अर्धा दिवस त्याच्याकडे नसतो.